गेट म्हणजे मिळणे, पण तेवढंच नाही

माझी भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, बाहेर जायचंय म्हणून इंग्लिशच्या परीक्षेची तयारी चाललीये, तर गेल्या आठवड्यात तिने मला एक पॅराग्राफ व्हॉट्सअॅपवर पाठवला, मावशी जरा बघ ना म्हणून. त्यात लिहिलं होतं, "आय ऑब्टेन्ड अ कोल्ड" आणि पुढे "आय रिसीव्हड लेट". मी विचारलं हे असं का लिहिलंस, तू बोलताना तर नीट बोलतेस की. तर म्हणाली क्लासमध्ये सांगितलंय गेट हा वीक शब्द आहे, लिहिताना वापरायचा नाही, आणि सिनॉनिम्सची यादी दिलीये, ऑब्टेन, रिसीव्ह, अॅक्वायर, फेच, बिकम वगैरे, त्यातला एकेक तिने गॉटच्या जागी बसवला.

मला खरंच वाईट वाटलं. पोरगी मेहनत करतेय आणि चुकीच्या दिशेने करतेय. म्हणून रविवारी दुपारी तिला घरी बोलावलं आणि दोन तास फक्त गेट घेऊन बसलो, त्यातलं जे आठवतंय ते इथे लिहितेय, कारण आपल्यासारख्या मराठी मिडियमवाल्यांना हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं. आमच्या वेळी इंग्लिश 5वीपासून सुरू व्हायचं (पहिलीपासून झालं ते 2000 साली) आणि तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं गेट म्हणजे मिळणे, झालं, संपलं.

आता मिळणे बरोबरच आहे. पत्र मिळालं, मार्क मिळाले, तिथे गेट म्हणजे रिसीव्ह. पण "गेट मी सम वॉटर" म्हणजे पाणी आणून दे, "गेट सम मिल्क ऑन द वे" म्हणजे येताना दूध घेऊन ये, तिथे ते बाय आहे. "आय गॉट होम" म्हणजे पोचले. "इट्स गेटिंग डार्क" म्हणजे अंधार पडायला लागलाय. "आय गेट इट" म्हणजे कळलं. आणि सर्दी झाली तर "आय गॉट अ कोल्ड", तिथे फार तर कॉट चालेल, ऑब्टेन्ड कधीच नाही, सर्दी काय कोणी प्रयत्न करून मिळवत नाही.

मग मी तिला म्हटलं असं बघ, आपल्याकडे मिळालं आणि प्राप्त झालं यांचा अर्थ एकच आहे ना? पण "आपले पत्र प्राप्त झाले" हे ऑफिसच्या कागदावर शोभतं आणि आईला फोनवर आपण म्हणतो पार्सल मिळालं. कोणी "मला सर्दी प्राप्त झाली" म्हणालं तर कसं वाटेल? तस्संच आहे हे. आणि याला कारण पण आहे. गेट हा शब्द इंग्लिशमध्ये आला व्हायकिंग लोकांच्या बोलीतून, त्यांच्याकडे तो गेटा असा होता, इंग्लंडमध्ये येऊन शेती करून राहिलेल्या माणसांचा घरगुती शब्द. ऑब्टेन, रिसीव्ह, अॅक्वायर हे सगळे मुळात लॅटिनचे, त्यातले बरेचसे 1066 नंतर नॉर्मन लोकांचं राज्य आलं तेव्हा फ्रेंचमधून आले, म्हणजे दरबार, कोर्ट आणि चर्चच्या वाटेने. म्हणून त्यांना अजून तो कागदी वास आहे. अर्ज लिहिताना, रिपोर्ट लिहिताना ते जरूर वापरावेत, पेशंटशी बोलताना नाही.

यादीपेक्षा मला जास्त उपयोगी वाटतं ते आपलं लागणे. भूक लागली, नोकरी लागली, फोन लागला, झोप लागली, नाद लागला, पायाला लागलं, ठेच लागली, लग्न लागलं, दूध तळाला लागलं, घाटात बस लागली. यातल्या कुठल्या लागणेचा सिनॉनिम आपण पाठ केला होता? एकाचाही नाही. लहानपणापासून भूकबरोबर लागणे, फोनबरोबर लागणे असं जोडीनेच ऐकलं. आणि गंमत म्हणजे यातल्या कितीतरी ठिकाणी इंग्लिशमध्ये गेटच येतं, गॉट हंग्री, गॉट अ जॉब, गॉट थ्रू, गॉट टू स्लीप, गॉट हर्ट, गॉट मॅरीड. एवढंच नाही, "आय हॅव गॉट टू गो" म्हणजे मला जायला लागेल, आणि "दे गॉट टॉकिंग" म्हणजे ते बोलायला लागले. "आय गॉट टू मीट हर" म्हणजे मला तिला भेटायला मिळालं, तिथे परत आपलं मिळणे हजर! दोन भाषा इतक्या लांबच्या आणि क्रियापदं अशी शेजारी शेजारी चालतात, मला तर हे सांगताना अंगावर काटा आला होता.

एक ठिकाण मात्र आहे जिथे मराठी आपल्याला फसवते. आपण म्हणतो मी केस कापले, आणि कापलेले असतात पार्लरवालीने. मग आपण सरळ "आय कट माय हेअर" म्हणतो, ऐकणाऱ्याला वाटतं हिने आरशासमोर उभं राहून कात्री चालवली. तिथे "आय गॉट माय हेअर कट". ब्लड टेस्ट करून घेतली, चष्मा रिपेअर करून घेतला, जिथे जिथे करून घेतलं आहे तिथे गेट. हे वाक्य हॉस्पिटलमध्ये रोज लागणार म्हणून मी तिच्याकडून वीसेक वेळा म्हणून घेतलं. तसंच बसमधून उतरणे, आपण सगळे गेट डाऊन म्हणतो, इथे ते चालतंही, पण तिकडे गेट ऑफ म्हणतात, आणि कारमधून मात्र गेट आऊट.

भाचीला सगळ्यात आवडलं ते गेट बाय म्हणजे भागणे (एवढ्या पगारात भागतं) आणि गेट अलाँग म्हणजे पटणे. आणि फरगेटमध्येसुद्धा याच गेटचं जुन्या इंग्लिशमधलं भावंड आहे हे कळल्यावर दोन मिनिटं गप्पच बसली, धरलेलं हातातून निसटणं म्हणजे विसरणं.

यादीचा कागद आम्ही फेकला नाही, फक्त प्रत्येक शब्दापुढे तिने आता त्याचं पूर्ण वाक्य लिहिलंय, ऑब्टेनपुढे परमिशन, अॅक्वायरपुढे स्किल. पुढच्या रविवारी टेक आहे, आणि ती आत्तापासून घेणेची वाक्यं जमवतेय, चहा घेतला, मनावर घेतलं, झोप घेतली, कोणाचं नाव घेतलं.