तेराचे नऊ टँकर झाले त्याची गोष्ट

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पाणी मात्र आमच्या गेटपर्यंत आलं नाही. २४० फ्लॅट, हजाराच्या आसपास माणसं, आणि रोज दहा हजार लिटरचे तेरा टँकर. महापालिकेचं पाणी येईपर्यंत सोय विकासकाने करायची, असं हमीपत्र बांधकाम परवानगीसाठी दिलेलं होतं. सोसायटी आमच्या ताब्यात आल्यावर तो म्हणाला, आता तुमचं तुम्ही बघा. त्याबद्दलची पत्रापत्री अजून चालू आहे, ती इथे नको.

मी खजिनदार. टँकरची बिलं पास करता करता एक दिवस हिशेब मांडला. माणशी १३५ लिटरचा जो सरकारी निकष आहे, त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशचे. म्हणजे रोज चार टँकरचं विकतचं पाणी आम्ही सरळ संडासात ओतत होतो! आणि बेसमेंटमध्ये एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प होता, ते पाणी फ्लशला न्यायची वेगळी पाइपलाइनही टाकलेली होती.

खाली गेले तर वासाने डोकं उठलं. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद. ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, बिल जास्त येतं म्हणून दिवसातून दोनच तास चालवायला सांगितलंय.” मैला खाणाऱ्या जिवाणूंना हवाच मिळाली नाही तर ते जगणार कसे? आमचं मैलापाणी जसंच्या तसं मागच्या ओढ्यात जात होतं. तिथून मुळा-मुठा, मग भीमा, मग उजनी. खालची गावं आमच्याबद्दल काय म्हणत असतील, ते न ऐकलेलंच बरं.

नवीन ऑपरेटर नेमला. त्याने पहिल्याच दिवशी एक लिटरच्या काचेच्या मापात हवा सोडायच्या (एअरेशन) टाकीतलं पाणी भरलं आणि अर्धा तास न हलवता ठेवलं. तळाशी काळपट गाळ बसला, जेमतेम ४० मिली. “अडीचशे-तीनशे पाहिजे, आणि रंग चॉकलेटी,” तो म्हणाला. दुसऱ्या एका सोसायटीच्या चालू एसटीपीतला जिवंत जिवाणूंचा गाळ टँकरने आणून आमच्या टाकीत सोडला. दह्याला विरजण लावतात तसंच. ब्लोअर चोवीस तास. विजेचं बिल वाढलं, सभेत माझ्यावर तोंडसुख घेऊन झालं. तिसऱ्या आठवड्यात माप २२० वर आलं आणि वास गेला.

खरी कसोटी पुढेच होती. हे प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला सोडायचं ठरलं तो २०२५ चा फेब्रुवारी. सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघालेले, दूषित पाण्याची चर्चा घराघरात. लोक घाबरले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणून प्लंबरला घेऊन आम्ही एकेक विंग तपासली: पिण्याच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, लाइन रिकामी होऊ द्यायची आणि प्रत्येक घरात जाऊन सगळे नळ उघडायचे. फ्लशच्या टाकीशिवाय कुठेही पाणी आलं नाही पाहिजे. बी विंगमध्ये सात घरांत जेट स्प्रेला आलं. मूळ कामातच तो फ्लशच्या लाइनवर जोडला होता. एका आजींनी तर त्याच जेटने बादली भरून ठेवलेली, झाडांना आणि देवघर पुसायला! सातही जोड बदलले, क्लोरीनचा डोस बसवला आणि मगच पाणी सोडलं.

पहिले काही दिवस पिवळट पाण्याच्या तक्रारी आल्या. कार्बन फिल्टर बदलला, त्या थांबल्या. आता नऊ टँकर येतात.

फ्लश आणि बाग भागवूनही रोज पन्नासेक हजार लिटर प्रक्रिया केलेलं पाणी उरतं. शेजारी टॉवर उभा राहतोय, तिथल्या साइट इंजिनिअरला विचारलं, बांधकामाला नेता का? तो म्हणाला, “नेतो की. टँकर तेवढा तुमचा लावा.”