चार आमुशा आणि एक वेताळ

आमच्या लातूरच्या घरातलं पुस्तकांचं कपाट आता लागत नाही. पुढच्या रांगेमागं दुसरी रांग, दोन्हींच्या डोक्यावर आडवी कोंबलेली, आणि तिथंही न मावलेली ज्वारीच्या कोठीवर. मागच्या रांगेत काय आहे हे मला वर्षातून एकदाच कळतं. भादव्यात, वाळवी लागली का ते बघायला सगळं खाली काढतो तेव्हा.

यंदा काढलं तर मागची निम्मी रांग भुताखेतांची निघाली. बरीचशी रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेली, काहींवर कुठल्यातरी बंद पडलेल्या वाचनालयाचे जांभळे शिक्के. एकाची शेवटची आठ पानंच नाहीत. वाडा खरंच झपाटलेला होता की दिवाणजीचाच डाव होता, हे आता मला या जन्मी कळायचं नाही.

मग ठरवलं, हंगामच धरू. सर्वपित्रीला पेरणी, येळवशीला म्हणजे वेळा अमावस्येला काढणी. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, अशा चार अमावस्या. कॅलेंडरच्या पाठीमागं यादी लिहायला बसलो तर आई म्हणाली, "आमुशाला असलं वाचू नाही रं."

"येळवस पण आमुशाच की."

"ती खायाची आमुशा हाय."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. येळवशीला सगळं घर शेतात जेवायला. कडब्याची कोप, आत पांडव, समोर भज्जी, उंडे आणि आंबिलाचं मडकं. अशा अमावस्येला कुठलं भूत फिरकणार? फिरकलं तरी जेवूनच जाईल.

पहिली आमुशा भयकथावाल्या नारायण धारपांना दिली. १९२५ चा जन्म, म्हणजे शंभरी झाली, तरी एकट्यानं वाचताना मी अजून पाय पलंगावर घेतो. आश्विनात फार काही टाकलं नाही. सोयाबीनची रास चालू असते, मळणीयंत्राचा भुस्सा नाकातोंडात जातो, रात्री पाठ टेकली की पहिल्याच पानावर डोळा लागतो. कार्तिकात मात्र थंडी पडते, लाईट जाते, वाचायला जोर येतो. हे काकांना सांगितलं. त्यांच्या शेतातल्या मोटारीला वीज रात्रीची, त्यामुळे हरभऱ्याला पाणी द्यायला ते बाराला बॅटरी घेऊन निघतात. पायाखाली इच्चूकाटा, बांधावर रानडुकरं. त्यांनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "भुताचं काय घेऊन बसलास? डीपी जळाला म्हनून फोन आला की कळंल." यादीत डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, एकही पुस्तक नाही, हे कबूल करतो.

शेवटचा महिना वेताळाचा. त्याच्या गोष्टी ज्यात आहेत ते जाडजूड कथासरित्सागर कपाटाच्या अगदी वर असतं आणि त्याच्याबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. वेताळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं उज्जैनचा विक्रम येतो. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मिरात बसून लिहिलं, पण त्याचा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे आपल्या पैठणचा! पैठणचं नाव काढलं की पैठणी, नाथांची षष्ठी, जायकवाडीत किती टक्के पाणी. वेताळाचं कुणी नाव काढत नाही. आणि या ग्रंथाचं मूळ म्हणून सांगतात ती गुणाढ्याची बृहत्कथा तर पैशाची भाषेतली, पिशाच्चांच्या बोलीतली. कथा अशी की सातवाहनाच्या दरबारातल्या या पंडितानं अरण्यात शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहिले. राजानं नाक मुरडलं. मग गुणाढ्य एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. राजाला उपरती होईपर्यंत सहा लाख जळाले होते. वेताळाच्या गोष्टींनी मला कधी भीती वाटली नाही. त्या जळणाऱ्या पानांनी वाटते, आणि ऐकताना चरायचं विसरलेल्या त्या हरणांनी.

आता खरं सांगायचं तर हा ग्रंथ मी दर सर्वपित्रीला वरून उतरवतो, खांद्यावर टाकल्यासारखा उशाशी आणतो. चार पानं होतात न होतात, कुणीतरी काहीतरी विचारतं, मी उत्तर देतो, आणि येळवशीच्या आवराआवरीत तो पुन्हा कपाटावर जाऊन लटकतो. यंदाची ही चौथी खेप. राजानं विसाच्या वर घातल्या होत्या.

आईनं आत्ताच स्वयंपाकघरातून विचारलंय, कोठीवरची पुस्तकं कधी हलवणार म्हणून. मी गप्प बसलोय.