वूझेन: शीझा बघायचं तर आतच मुक्काम करा

शांघायहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी कालव्याकाठची गावं बरीच आहेत. त्यातलं वूझेन सर्वांत नीटनेटकं, आणि सर्वांत जास्त 'घडवलेलं'. गाव झेजियांग प्रांतात आहे. त्याच्या पश्चिमेकडून पेइचिंग ते हांगचौ हा महाकालवा जातो. पर्यटकांसाठी गावाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींची तिकिटं वेगळी. पूर्वेकडचा डोंगझा 2001 मध्ये खुला झाला, पश्चिमेकडचा शीझा 2007 मध्ये. डोंगझात लेखक माओ दुन यांचं घर आहे आणि तिथे अजून जुनी कुटुंबं राहतात. शीझातली वस्ती मात्र हलवून सगळा भाग नव्याने उभा केला गेला. त्यामुळे दोन तासच हाताशी असतील तर डोंगझा करा. शीझाला एक रात्र द्यावीच लागते.

जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे शांघायच्या होंगछ्याव स्टेशनवरून हायस्पीड गाडीने वूझेनजवळचं तोंगश्यांग स्टेशन. अर्धा-पाऊण तास लागतो, पण प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, म्हणून तिकीट काढताना थांबा बघून घ्या. तिकीट पासपोर्टवरच निघतं. आपल्याकडच्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना कधीकधी कोरा असतो. तिकिटाच्या ॲपमध्ये नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने भरलं नाही, किंवा नंबरातला एक आकडा चुकला, तर स्टेशनवर खिडकीशी रांग लावून दुरुस्ती करत बसावं लागतं. पाऊण तास हाताशी ठेवून पोहोचलेलं बरं. तोंगश्यांग स्टेशनसमोरून के 282 बस वूझेनच्या बसस्थानकाला जाते, तिथून के 350 शीझाच्या दारात सोडते. सामान जास्त असेल तर सरळ टॅक्सी करा. बसस्थानकाबाहेर 'हॉटेल, हॉटेल' करत मागे लागणारे लोक भेटतात. त्यांची हॉटेलं जवळजवळ नेहमी शीझाच्या हद्दीबाहेरची असतात.

आणि खरी मेख तिथेच आहे. शीझात दिवसाचे पर्यटक साधारण सकाळी नऊपासून यायला लागतात आणि दुपारी तर पुलांवर उभं राहायला जागा उरत नाही. आत मुक्काम असेल तर पहाटेचे दोन-तीन तास तुमचे. बुकिंग करताना पत्त्यात 'शीझा दर्शनीय क्षेत्राच्या आत' असं स्पष्ट आहे ना, ते बघा. नुसतं 'शीझाजवळ' लिहिलेलं असेल तर सोडून द्या. सामान दारातल्या काउंटरवर द्या, ते खोलीवर पोहोचवतात. दगडी फरसबंदीवरून चाकाची बॅग ओढत नेण्यात शहाणपण नाही.

मुक्कामाच्या घरांत घरमालक म्हणून जे काका-काकू दिसतात त्यांची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. ते मूळचे इथलेच, पण घर आता शीझा चालवणाऱ्या पर्यटन कंपनीच्या ताब्यात. खोल्यांचं भाडं कंपनीकडे जातं, ते घर सांभाळतात आणि खाली मोजकी टेबलं मांडून जेवण देतात. त्यांची कमाई त्या जेवणावर. दुकानांचंही तसंच नियोजन आहे, एका पदार्थाचं सहसा एकच दुकान. म्हणून इथे एकाच वस्तूची वीस दुकानं ओळीने दिसत नाहीत, जे चीनमधल्या इतर जुन्या गावांत हमखास दिसतं.

मग हे खोटं गाव म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, पण जुनं काय नि नवं काय हे बघायची नजर हवी. फरसबंदीचे दगड उचलून खाली सांडपाणी, गॅस आणि विजेच्या वाहिन्या टाकल्या आणि तेच दगड परत बसवले. डोक्यावर एकही तार दिसत नाही ती त्यामुळे. इथली खासियत म्हणजे 'श्वेइगे', पाण्यावर काढलेल्या खोल्या. घराचा मागचा भाग नदीच्या तळात रोवलेल्या दगडी किंवा लाकडी खांबांवर उभा असतो आणि तीन बाजूंना खिडक्या. होडीतून जाताना हे खांब जवळून बघा. पाण्याच्या रेषेशी झिजलेला, खडबडीत दगड आणि त्याच्यावर एकसारख्या रंगाची गुळगुळीत फळी असेल, तर खालचं जुनं नि वरचं नवं, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. दोन घरांमधल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या उंच भिंती शोभेच्या नाहीत. लाकडी घरांच्या ओळीत आग पुढे सरकू नये म्हणून त्या बांधत.

निळ्या छापाच्या कापडाची रंगशाळा चुकवू नका. उंच खांबांवरून लांबच लांब कापडं सोडलेली असतात, सगळे फोटो काढून पुढे जातात. थांबून काम बघा. तेल पाजलेल्या जाड कागदात नक्षी कोरतात, तो साचा पांढऱ्या सुती कापडावर ठेवून सोयाबीनचं पीठ आणि चुना यांची लापशी खरवडून पसरतात. ती वाळली की कापड निळीच्या पिंपात. बाहेर काढल्यावर ते आधी हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होतं. हवा तेवढा गडद रंग चढेपर्यंत बुडवणं आणि वाळवणं चालू राहतं. शेवटी पाती घेऊन लापशी खरवडली की खाली पांढरी नक्षी. लापशी पातळ झाली तर कडा फुटतात, आणि हातछपाईत तशा किंचित फुटलेल्या कडा असतातच. दुकानातल्या कापडाची नक्षी एकदम रेखीव असेल आणि मागची बाजू फिकट असेल, तर ते बहुधा यंत्राने छापलेलं.

1859 पासूनची शूछांग सोया सॉसची पेढीही बघण्याजोगी. अंगणभर मोठे रांजण, त्यांवर बांबूची शंकूसारखी झाकणं. ऊन पडलं की काढायची, पावसाचं चिन्ह दिसलं की परत घालायची, वाळवण जपावं तशी.

शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावं. 'वो छी सू' म्हणजे मी शाकाहारी, एवढ्यावर भागत नाही. हिरवी भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, चवीला चिकन पावडर असते, टोफूवर खिमा असतो. फोनवर चिनीत चारही गोष्टी लिहून दाखवा: मांस नको, मासे नकोत, डुकराची चरबी नको, चिकन पावडर नको. 'गूसाओ बिंग' नावाची तिळाची बिस्किटं निरुपद्रवी दिसतात, त्यातही चरबी असते. घरमालकाच्या टेबलावर हे सांगणं सोपं, कारण स्वयंपाक समोरच होतो.

पैशांसाठी निघण्यापूर्वीच अलीपे हे फोनवरून पैसे देण्याचं चिनी ॲप घेऊन आपलं कार्ड जोडून ठेवा. 200 युआनच्या वरच्या व्यवहाराला परदेशी कार्डावर शुल्क लागतं, तेव्हा मोठं बिल शक्य असेल तर तोडून द्या. गुगल नकाशे तिथे कामाचे नाहीत.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा पूर्ण टाळा, देशभर सुट्टी असते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत संततधार असते. पुलांच्या पायऱ्या तेव्हा निसरड्या होतात.

एवढं सगळं करूनही शीझा फारच चकचकीत वाटलं, तर दुसऱ्या दिवशी टॅक्सीने नानशुन या जवळच्याच कालव्याकाठच्या गावाला जा. तिथला कालव्याचा भाग 2014 च्या जागतिक वारसा यादीत आहे आणि बायच्येनलौच्या घरांच्या ओळीत लोक अजून कपडे वाळत घालतात.