तुम्ही विचारलंत म्हणून: सिलेंडर लावून लगेच बाहेर का आणत नाहीत?

ठाण्यात पावसाळी ट्रेकच्या आधीची बैठक असो की खारघरला पांडवकडा धबधब्यावरच्या बंदीची चर्चा, बोलणं फिरून फिरून थायलंडच्या त्या गुहेवर येतंच. 23 जून 2018 रोजी चियांग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली 12 मुलं आणि त्यांचा सहायक प्रशिक्षक गेले, मागे पाणी भरलं, आणि शेवटची तुकडी 10 जुलैला बाहेर आली. मग कुणीतरी विचारतं, 'मुलं 2 जुलैलाच सापडली होती ना? मग ऑक्सिजनचे सिलेंडर लावून त्याच दिवशी का नाही आणली? एवढा आठवडा कशात गेला?'

तो आठवडा वाया गेला नव्हता. पाण्याखालून माणूस काढणं हा या कामातला सगळ्यात जिवावरचा मार्ग आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी ठेवतात. आधी पाणी उतरवायचं, आतली हवा राखायची, आतल्यांना अन्न आणि ऊब पोचवायची, आणि थांबणं परवडतंय तोवर थांबायचं. हे पटायला थोडा हिशेब करावा लागतो.

बेसिनखालच्या वाकड्या पाइपात जसं कायम पाणी अडकून राहतं, तसा गुहेत वाट खाली उतरून पुन्हा वर चढते तो भाग छतापर्यंत भरतो. पलीकडे कोरडी जागा असते, माणसं तिथे जिवंत असतात, पण मधल्या टप्प्यात डोक्यावर दगड असतो. समुद्रात काही बिघडलं तर पाणबुड्या वर येऊ शकतो. इथे वर जाता येत नाही, आलेल्या वाटेनेच परत फिरावं लागतं. म्हणून समुद्रात तरबेज असलेला पाणबुड्या गुहेत आपोआप तरबेज ठरत नाही. थाई नौदलाचे जवान कमालीचे धाडसी होते, पण गुहेतलं डायव्हिंग त्यांच्यासाठी नवं होतं. मुलांपर्यंत पहिले पोचले ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलॅन्थन, दोघेही वर्षानुवर्षं गुहांमध्येच डायव्हिंग करणारे ब्रिटिश. नौदलाचे माजी जवान समन कुनान वाटेत सिलेंडर ठेवून परतताना 6 जुलैला मरण पावले. निष्णात, धडधाकट माणूस गेला. जी मुलं दहा दिवस उपाशी होती, ज्यांनी कधी मास्क लावला नव्हता, त्यांना घाईने त्याच पाण्यात उतरवणं किती धोक्याचं, हे यावरून कळावं.

आता हवा. सिलेंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण 6 मीटरच्या खाली श्वासात घेतला तर झटके येऊ शकतात. 12 लिटरचा सिलेंडर 200 बारला (बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) भरला की त्यात 2,400 लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 20 लिटर वापरतो. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणजे 40 लिटर लागते. कागदावर हा एक तास झाला. पण गुहेत तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात: एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक अडचणीसाठी राखीव. म्हणजे आत जायला 800 लिटर, 20 मिनिटं. घाबरला, प्रवाहाविरुद्ध झुंजला, तर खर्च सहज दुप्पट होतो आणि 10 मिनिटंच उरतात. म्हणूनच वाटेत जागोजागी भरलेले सिलेंडर नेऊन ठेवावे लागतात. समन कुनान हेच काम करत होते. प्रत्येक पाणबुड्याकडे दोन स्वतंत्र सिलेंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारी झडप) आणि तीन दिवे असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर परत येता आलं पाहिजे. अरुंद वाटेत सिलेंडर पाठीवर न बांधता दोन्ही कुशींना लावतात, म्हणजे गरज पडली तर काढून पुढे ढकलता येतो. थाम लुआंगमधली सगळ्यात अरुंद जागा सुमारे 38 सेंटिमीटर उंचीची होती.

डोळ्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. पुराच्या पाण्यात गाळ असतोच, वर एक चुकीचा पाय मारला की तळाचा चिखल उठतो आणि दिव्याच्या उजेडात फक्त तपकिरी भिंत दिसते. त्यामुळे सगळी भिस्त एका दोरीवर. ती बाहेरच्या मोकळ्या हवेपासून अखंड बांधत न्यायची, वळणावर दगडाला पक्की करायची, बाहेरची दिशा दाखवणारे बाण तिच्यावर लावायचे, म्हणजे अंधारात बोटांनीही दिशा कळते. दोरी सैल राहिली की पायात, झडपेत गुंतते. कोपऱ्यावर नीट बांधली नाही तर ताणाने सरकून अशा फटीत जाते की दोरी जाईल पण माणूस जाणार नाही. परत येताना हातात दोरी आहे आणि पुढे वाट नाही, अशी अवस्था होते.

पाण्याचा उपसा हा खरं तर मुख्य बचाव आहे, पण टीव्हीवर तो कंटाळवाणा दिसतो. नवी मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको: भरतीला खाडीकडच्या झडपा बंद असतात, पावसाचं पाणी होल्डिंग पॉण्डमध्ये, म्हणजे साठवणीच्या तळ्यात, साठतं, आणि आत येणारं पाणी पंपापेक्षा जास्त झालं की पातळी चढतेच. गुहेतही तेच गणित. सेकंदाला 100 लिटर आत येतंय आणि पंप 120 लिटर काढतायत, तर पदरात पडतात फक्त 20 लिटर, म्हणजे तासाला 72 घनमीटर. 5,000 घनमीटर साठा रिकामा करायला जवळपास तीन दिवस लागतील, तेही मध्ये सर आली नाही तर. म्हणून आधी येणारं पाणी तोडायचं. थाम लुआंगच्या डोंगरावर ओढे अडवून, पाइप टाकून वळवले, गुहेत झिरपणारी भोकं शोधून बुजवली. उपसलेलं पाणी खालच्या शेतांत सोडलं, आणि शेतकऱ्यांनी भातशेती बुडू दिली. भारतीय दूतावासाच्या शिफारशीवरून किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही सल्ला द्यायला तिथे पोचले होते, आणि किर्लोस्करवाडीला चार पंप विमानाने पाठवण्यासाठी तयार ठेवले होते.

पंपाच्या बाबतीत ठरावीक चुका होतात. वर ठेवलेला पंप व्यवहारात 6-7 मीटरपेक्षा खोलवरून पाणी ओढू शकत नाही. मोठा पंप आणला तरी हे बदलत नाही, कारण पाणी वर ढकलतो तो हवेचा दाबच. मग एकतर पाण्यात बुडवायचा पंप हवा, नाहीतर टप्प्याटप्प्याने एकातून दुसऱ्याकडे द्यायचं. तोंडावरची जाळी गाळाने तासाभरात तुंबते, ती साफ करायला माणूस कायमचा नेमावा लागतो. बाहेर सोडलेलं पाणी चुनखडीच्या भेगांतून परत आत येत नाही ना, हे रंग टाकून तपासावं लागतं. आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे डिझेल पंप किंवा जनरेटर गुहेच्या तोंडाशी चालू ठेवणं. त्याचा धूर आत ओढला जातो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विहिरीत पेट्रोलचा पंप उतरवून माणसं मरतात ती याच वायूने. आतला पंप विजेचाच हवा, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर त्याच्या लाइनवर हवाच.

आतल्या हवेबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. सगळे ऑक्सिजन मोजतात, पण आधी जीव घेतो तो कार्बन डायऑक्साइड. बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. 13 माणसं धरली तर दिवसाला सुमारे 4.7 घनमीटर वापरतील आणि 3.7 घनमीटर कार्बन डायऑक्साइड सोडतील. कोंडलेली जागा 10 मीटर लांब, तितकीच रुंद आणि 5 मीटर उंच, म्हणजे 500 घनमीटर समजा. ऑक्सिजन 21 वरून 16 टक्क्यांवर यायला पाच दिवस लागतात, पण कार्बन डायऑक्साइड चौथ्याच दिवशी 3 टक्क्यांवर पोचतो. तिथे डोकं ठणकायला लागतं, धाप लागते. 5 टक्क्यांना माणूस स्वस्थ बसूनही धापा टाकतो. 2017 मध्ये मायोर्का बेटावर एक गुहाडायव्हर सुमारे 60 तास अशाच हवेच्या कप्प्यात अडकला होता. तिथे हा वायू 5 टक्क्यांच्या आसपास होता आणि त्याला भास होत होते. तो जिवंत निघाला. नुसता ऑक्सिजन आत सोडून हा वायू कमी होत नाही. तो शोषून घ्यायला सोडा लाइम पाठवावं लागतं, किंवा खरी हवा खेळती करावी लागते. आत पाठवायच्या पहिल्याच पिशवीत दोन्ही वायू मोजणारं यंत्र असावं, ते त्यासाठीच.

'मग वरून भोक का पाडत नाहीत?' खाणीत हे जमलंय. 1989 मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा खाण अभियंता जसवंत सिंग गिल स्वतः पोलादी कॅप्सूलमधून खाली उतरले आणि 65 कामगार एकेक करून वर आले. पण खाणीचे नकाशे असतात, खोली ठाऊक असते. थाम लुआंगमध्ये मुलांच्या डोक्यावर शेकडो मीटर खडक होता, आणि ती नेमकी कुठे आहेत हे वरून सांगणं अवघड होतं. शिवाय दुसरा धोका असा की पाणी चढताना वरची हवा कोंडून दाबली गेली असेल, तर ती हवाच पाणी रोखून धरते. भोक पाडलं की ती निसटते, पाणी चढतं. 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत उलट केलं. आधी सहा इंची भोकातून दाबाची हवा आत सोडत राहिले, तिने पाणी अडवलं, आणि मग मोठं भोक पाडून नऊही जण काढले.

थांबणं हे आळसाचं काम नाही. जानेवारी 2024 मध्ये स्लोव्हेनियाच्या क्रिझ्ना गुहेत पाच जण अडकले, तेव्हा पाणबुड्यांनी आधी अन्न, गरम कपडे आणि तंबू पोचवले, आणि पाणी उतरल्यावर त्यांना बाहेर काढलं. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने जाते, म्हणून ओले कपडे पिळून अंगाला अंग लावून बसणं आणि दगडावर थेट न बसता दोरी, सॅक, काहीतरी खाली घेणं याने फार फरक पडतो. अन्न पाठवतानाही भान हवं. आपल्याकडे लगेच वडापाव, लाडू जमा होतात. पाच-सात दिवस उपाशी शरीराला भसकन गोड-पिष्टमय दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडते. थोड्या प्रमाणात सुरुवात, सोबत बी-1 जीवनसत्त्व, आणि मग हळूहळू वाढ.

थाम लुआंगमध्ये थांबणं संपलं कारण ऑक्सिजन 15 टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि मोठा पाऊस येणार होता. तेव्हा मुलांना पोहायला शिकवलं गेलं, असं अजूनही अनेकांना वाटतं. तसं झालं नाही. ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस आणि पशुवैद्य क्रेग चॅलन, दोघेही गुहाडायव्हर, आत गेले. मुलांना आधी भीती उतरवणारी गोळी, मग लाळ कमी करणारं अॅट्रोपिन आणि भुलीचं केटामाइन दिलं. लाळ तोंडात साठली तर मास्कमध्ये गुदमरायला होतं, म्हणून अॅट्रोपिन. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, आत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब, म्हणजे कड थोडी उघडली तरी हवा बाहेर जाते, पाणी आत येत नाही. सिलेंडरमध्ये 80 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण, कारण टप्पे उथळ होते आणि भुलीत श्वास मंदावला तरी पुरेल. हात मागे बांधले, कारण अर्धवट शुद्धीतल्या मुलाने मास्क ओढला तर संपलं. तोंड खाली, एका मुलाला एक पाणबुड्या, डोकं दगडावर आपटू नये म्हणून स्वतःचं शरीर आडवं घालून. भूल उतरू लागली की वाटेतल्या कोरड्या जागी पाणबुड्यानेच पुढचं इंजेक्शन द्यायचं. याची तालीम आधी तिथल्या शाळेच्या तलावात स्थानिक मुलांवर झाली, भुलीशिवाय. 8, 9 आणि 10 जुलैला चार, चार आणि पाच जण बाहेर आले. शेवटी मुख्य पंप बंद पडला आणि आत असलेल्या बचावपथकाला चढत्या पाण्यातून पळत सुटावं लागलं. उपसा किती आधाराचा होता ते तेव्हा कळलं.

आपला सह्याद्री चुनखडीचा नाही, बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. येऊरच्या पलीकडची कान्हेरीची लेणी माणसाने कोरलेली, त्यामुळे इथे अशा गुहा जवळजवळ नाहीत. पण ठाण्यातून मेघालयाला जाणारे गट वाढलेत, आणि तिथल्या नदीवाहत्या गुहा हिवाळ्यातच पाहायच्या असतात. बस्तरची कुटुमसर गुहा पावसाळ्यात बंदच ठेवतात. 'सध्या पाऊस नाही' हे गुहेच्या तोंडाशी उभं राहून ठरवू नका. पाणी वरच्या पाणलोटातून येतं, कधी काही तासांनी. आत पाणी गढूळ झालं, प्रवाहात पानं-काड्या दिसल्या, वाऱ्याची झुळूक बदलली, की निघा. वाट बंद झाली तर उंच जागा गाठा, पोहून बघू नका, एका वेळी एकच दिवा वापरा, आग पेटवू नका, भिंतीवरून ठिबकणारं पाणी प्या.

बाहेर असलेल्याने 112 वर किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 वर सांगायचं ते असं: किती जण, वयं, किती वाजता आत गेले, कुणाला दमा किंवा मधुमेह आहे का, किती दिवे आणि खाणं होतं, पाणी कधीपासून आणि किती चढतंय. तोंडाशी एक खूण करून दर अर्ध्या तासाला पातळी लिहून ठेवा. येणाऱ्या पथकाला हाच कागद आधी लागतो. आणि बाहेर आलेला माणूस ठणठणीत दिसला तरी डॉक्टरांना गुहा, पुराचं पाणी आणि वटवाघळं हे तिन्ही शब्द सांगा. लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) लक्षणं दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकतात, आणि वटवाघळांच्या विष्ठेतल्या बुरशीने होणारा फुप्फुसांचा आजार छातीच्या साध्या सर्दीसारखाच दिसतो.