लख्ख उन्हातला पूर

सप्टेंबर 2024. ग्रुप घेऊन मी बुडापेस्टला होते. आधी शहर बघायचं, मग जहाजावर चढून डॅन्यूबमधून व्हिएन्नाच्या दिशेनं जायचं, असा कार्यक्रम. सकाळी नाश्त्याच्या आधीच जहाज कंपनीचा निरोप आला. नदीवरची वाहतूक बंद झाली आहे, जहाज शहरात येऊ शकत नाही, पुढचं रात्री कळवू.

अशी बातमी मी सगळे जमल्यावर एकदाच सांगते. टेबलाटेबलावर जाऊन सांगितली की प्रत्येक टेबलावर वेगळी बातमी तयार होते. पण त्या दिवशी एकदा सांगूनही भागेना, कारण खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं. "मॅडम, पाऊस कुठाय?" हा पहिलाच प्रश्न. एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाच्या वाढदिवसासाठी कित्येक वर्षं पैसे बाजूला टाकून त्या दोघांनी ही सहल ठरवली होती.

ग्रुपमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. ते उठून म्हणाले, "पाऊस इथे कशाला पडायला हवा? वर पडलाय. तिकडचं पाणी आता इथे पोचतंय." अगदी बरोबर होतं. 'बोरिस' वादळानं मध्य युरोपात आठवडाभर आधी धुमाकूळ घातला होता. ऑस्ट्रियातलं पाणी ओसरत होतं आणि तोच लोंढा बुडापेस्टला चढत होता.

जहाज का अडलं, ते मी सांगितलं. डॅन्यूबवरची बरीचशी जहाजं 135 मीटरपर्यंत लांब, पण मुद्दाम बुटकी बांधलेली असतात. पुलाखालून जाताना कप्तानाची केबिनसुद्धा खाली घेता येते. तरी पाणी इतकं चढलं की पूल आणि जहाजाचं छत यांच्यात जागाच उरत नाही. बंदी येते ती अशी.

ठरलेला रस्ता नदीकाठचा होता आणि तो पाण्याखाली. संध्याकाळची बोटीतली फेरीही रद्द. मला वाटलं, आज हे लोक नदीसाठीच इथे आलेत, तर नदीच दाखवावी. म्हणून पेस्टच्या, म्हणजे पूर्व काठावरच्या शहराच्या बाजूनं चालत चेन ब्रिज या जुन्या पुलापाशी गेलो. खालच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या अर्ध्यावर पाण्यात गेल्या होत्या. एरवी जिथून गाड्या धावतात तिथे रहदारीच्या पाटीचं फक्त डोकं वर होतं आणि त्याच्याभोवती फांद्या, बाटल्या, फेस असा गाळसाळ गोल फिरत होता. पाणी मातकट, आवाज जवळजवळ नाहीच, पण वेग असा की मधोमध वाहत आलेला ओंडका बघता बघता पुलाखालून पार. काकांनी कोरड्या पायऱ्यांपैकी सगळ्यात खालची निवडली आणि बायकोला त्या पायरीचा फोटो काढायला लावला. "संध्याकाळी परत बघू."

तिथून फेरेन्सिएक चौकात. फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतीवर एक शिल्प आहे, पुराच्या पाण्यातल्या होडीत उभा राहून लोकांना वाचवणारा मिक्लोश वेशेलेन्यी. मार्च 1838 मध्ये बर्फाचे तुकडे अडून डॅन्यूब तुंबली आणि पेस्ट शहर बुडालं. मातीच्या कच्च्या विटांची घरं विरघळल्यासारखी कोसळली. या सरदारानं होडी घेऊन माणसं काढली. शहरात अजूनही भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर कोरलेला हात बोट दाखवतो की पाणी इथवर होतं. तशी एक पाटी सापडली तेव्हा ग्रुपमधले सगळे आपापली उंची तिच्याशी ताडून पाहू लागले. सकाळी रडलेल्या काकू तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. त्या काळी दोन्ही काठांमध्ये होड्यांवर तरंगणारा पूल होता आणि तो हिवाळ्यात काढून ठेवावा लागे. पक्का चेन ब्रिज झाला 1849 साली. ही हकिगत मी पूर्वीही सांगितली आहे, पण ऐकणाऱ्यांनी तासाभरापूर्वी ती नदी पाहिली असेल तर किती फरक पडतो!

दुपारी बसनं टेकडीवर, फिशरमन्स बॅस्टियन या नदीकडे बघणाऱ्या सज्जावर. समोर पार्लमेंट. त्याचा घुमट 96 मीटर उंच आहे हे सांगायची माझी ठरलेली जागा ती, पण सगळ्यांची नजर खाली, पाण्यानं गाठलेल्या पायऱ्यांवर. 2013 च्या जूनमध्ये नदी 891 सेंटीमीटरवर गेली होती, तो इथला विक्रम. काका आकडे वहीत उतरवत होते. या वेळी विक्रम मोडणार नाही असा अंदाज होता आणि तो खरा ठरला. पाणी 830 च्या आसपास थांबलं.

संध्याकाळी पुन्हा चेन ब्रिजपाशी. फोटोतली पायरी पाण्याखाली गेली होती. गर्दीत शहरातलीही खूप माणसं होती, कडेवर लहान मुलं घेऊन आलेली.

रात्री निरोप आला. कंपनीचं दुसरं जहाज वरच्या बाजूला थांबलंय, सकाळी बसनं तिथवर न्यायचं. नदीचा जो टप्पा जहाजातून दिसला असता, तो रस्त्यानं जाणार होता. मी ते तसंच सांगितलं, गोड केलं नाही. काही जण नाराज झाले आणि त्यांची नाराजी रास्त होती. भरपाईचे अर्ज मी त्याच रात्री सगळ्यांकडून भरून घेतले. अर्ज देताना काकूंनी विचारलं, "सकाळी निघायच्या आधी पायऱ्या बघून येता येईल का?" मी ड्रायव्हरला फोन करून बस अर्धा तास पुढे ढकलली.