तुम्ही विचारलंत म्हणून: थेमिस्टोक्लीज गद्दार होता का?

ग्रीक इतिहासाचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, ज्याने पर्शियाचं आरमार बुडवलं तोच पुढे पर्शियाच्या राजाकडे जाऊन राहिला, मग अथेन्सचा हा पुढारी थेमिस्टोक्लीज गद्दारच ना? मला तसं अजिबात वाटत नाही.

इ.स.पू. 483 च्या सुमाराला अथेन्सच्या लॉरियनच्या खाणीत चांदीचं घबाड लागलं. ठरत होतं की माणशी दहा द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं) वाटून टाकू, तर थेमिस्टोक्लीज उठला आणि म्हणाला वाटू नका, जहाजं बांधा. पर्शिया लांब, त्याची भीती कुणाला वाटणार, म्हणून त्याने शेजारच्या एजिना बेटाशी चाललेलं भांडण पुढे केलं आणि लोकांनी चक्क ऐकलं! हातात येणारा पैसा लोकांनी आपणहून सोडला, हे मला पुढच्या सॅलमिसच्या समुद्री विजयापेक्षाही मोठं वाटतं. 480 मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीसने अथेन्स जाळलं तेव्हा हीच जहाजं अथेन्सजवळच्या सॅलमिस बेटाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत कामाला आली. बाकीचे ग्रीक तर तिथून निघायच्या बेतात होते, मग याने विश्वासातला नोकर सिकिनस गुपचूप शत्रूकडे धाडला, ग्रीक पळतायत म्हणून सांग, पर्शियन आत घुसले आणि एवढ्याशा जागेत त्यांना जहाजं वळवता येईनात.

आणि सुमारे 471 मध्ये त्याच अथेन्सने त्याला हाकललं. खापरीवर नाव कोरून मत द्यायचं, ज्याच्यावर सर्वात जास्त मतं पडली तो दहा वर्षं शहराबाहेर, अशी पद्धत. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत त्याच्या नावाच्या 190 खापऱ्या सापडल्यात आणि अक्षर जेमतेम चौदा जणांचं, म्हणजे आधीच लिहून वाटायला ठेवलेल्या, एवढी फिल्डिंग! हां, त्यानेही आपला प्रतिस्पर्धी ॲरिस्टाइडीसला याच मार्गाने बाहेर घालवलं होतं, आणि घराजवळ 'उत्तम सल्ला देणाऱ्या' आर्टेमिस देवीचं देऊळ बांधून स्वतःच्याच सल्ल्याची आठवण देत राहणं लोकांना खुपलंच.

पण क्रम बघा. तो आर्गोस या दुसऱ्या ग्रीक शहरात गप राहत होता, तेव्हा स्पार्टाने त्याच्यावर पर्शियाशी संगनमताचा आरोप केला, अथेन्सने त्याच्या पाठीमागे त्याला देशद्रोही ठरवलं, आणि कॉर्सिरा बेट, मग वायव्य ग्रीसमधल्या मोलोशियन लोकांचा राजा ॲडमिटस असं लपतछपत पळताना ग्रीसमध्ये जागाच उरली नाही, तेव्हा तो झर्क्सीसच्या मुलाच्या, आर्टाझर्क्सीसच्या दारात गेला. राजाने त्याला आशिया मायनरमधलं मॅग्नेशिया शहर दिलं, तिथेच तो वारला, आणि पर्शियन फौज घेऊन तो अथेन्सवर कधीच चालून आला नाही.