दहा शॉट, गोल शून्य

इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाता-खाता ईए एफसी या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमबद्दल पोरांची एकच तक्रार: गेमच स्क्रिप्टेड आहे, निकाल आधीच ठरलेला, दहा शॉट मारले, गोल एकही नाही! गणित करून बघा. लांबून मारलेल्या शॉटवर गोल व्हायची शक्यता समजा १० टक्के. असे दहा मारूनही ३५ टक्के वेळा पाटी कोरीच राहते. ईए एफसीत सामन्यानंतर एक्सजी (संधी बघता किती गोल व्हायला हवे होते, त्याचा अंदाज) दिसतो, स्कोअरआधी तो बघा. तुमचा ०.९ आणि समोरच्याचा २.१ असेल, तर जिंकलात तरी कॉलर ताठ करू नका.

शंभरात ६० सामने जिंकणारा गडीसुद्धा दहा सामन्यांत चार किंवा कमी जिंकेल, असं सहातून एकदा होतंच. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये (तीनपैकी दोन जिंकेल तो विजेता) त्याची जिंकायची शक्यता ६५ टक्के, बेस्ट ऑफ सेव्हनमध्ये ७१. कॉलनीतली स्पर्धा एकेका सामन्याच्या बाद फेरीवर उरकणं म्हणजे चिठ्ठ्या टाकणंच.

नशिबाच्या नावावर खपणारी खरी भानगड वाय-फायची. पिंग (सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) कायम ५० असेल तर हात सरावतो. २० वरून ८० वर उडी मारली की मेलं टायमिंग. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, म्हणजे साडेतीन फ्रेम गेल्या. आधी राउटरपासून लॅन केबल ओढा, मग नशिबाला शिव्या घाला.